मंगळामधला ळ

कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्यानं माझं दुकान खाल्लं
त्याला आता बारा वर्षं झाली.
तरी दिवाळ्याच्या जेटीवर होड्यांची नावं
अजून हातानंच घालावी लागतात.
ओल्या लाकडावर फ्लेक्स टिकत नाही.

तिथं एका दुपारी वर्देबाई आल्या,
बारीक कापलेले पांढरे केस,
काखेत आलेखाच्या कागदाची गुंडाळी.
एकतीस वर्षं कुठल्याशा प्रयोगशाळेत
स्फटिकांच्या आतली अंतरं मोजायच्या.
म्हणाल्या, "आता अक्षरं शिकतेय.
हसुराम, मला तुमचा ळ शिकवा."

शिकायला येणारी माणसं श्री मागतात.
ळ कोणी मागितला नव्हता.

त्यांनी कागद उलगडला. ळच ळ.
प्रत्येकाच्या पोटात बारीक आकडे, बाण,
आणि एक समीकरण, मुंगळ्यांच्या रांगेसारखं लांब.
"हा आडवा आठ, म्हणजे अनंत," त्या म्हणाल्या.
"जगानं त्याला नुसता निजवलाय.
आपण तेवढा रेघेला टांगला."
"मग अडलंय कुठं?"
"कागदावर सोडवते तेव्हा नितळ जातो.
हातात आला की मोडतो."

तीन रविवार मोडत राहिला.
मी सांगायचो, बाय, मनगट नाही, खांदा फिरवा.
पहिलं पोट काढताना डोळा दुसऱ्यावर ठेवा.
श्वास मधे सोडलात तर रंगाला कळतं.
त्या हे वहीत उतरवून घेत,
खाली मला न कळणारं काहीतरी लिहीत
आणि पुढे बरोबरची खूण करत.

एकदा सेक्टर आठमधल्या घरी गेलो.
भिंतभर व्यंजनं, सूर्यफुलातल्या बियांसारखी,
क मधोमध, मग एकेक अक्षर
तेवढ्याच कोनात सरकत सरकत बाहेर.
जेवणाच्या टेबलावर शाई वाळत होती.
त्यांचे यजमान ताट मांडीवर घेऊन
बाल्कनीत मुकाट आमटीभात खात होते.

मग चिंतामण नाखवाची होडी आली.
नाव घालायचं होतं, मंगळा. त्याच्या आईचं.
मी बाईंना म्हटलं, दशमीला या, दोन वाजता,
पाणी पार उतरलेलं असेल.
"फोनवर बघितलंत?"
"पाऊणकी, बाय. दहा पाऊणे साडेसात, तेव्हा भरती.
आपण खाडीत आत, म्हणून अर्धा तास वर.
तिथून सहा तासांनी चिखल."

चपला हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.
ओठ हलत होते: एक पाऊणे पाऊण, दोन पाऊणे दीड…
"अठ्ठेचाळीस मिनिटं," शेवटी म्हणाल्या.
"चंद्र तिथीमागे अठ्ठेचाळीस मिनिटं मागे पडतो.
तुम्ही पंचेचाळीसच धरता. तीन सोडून देता."
"होडीला तीन मिनिटं चालतात."

दशमीला मी मं घातला, ग घातला,
आणि ब्रश त्यांच्या हातात दिला.
कागद पिशवीतच राहिला.
गुडघाभर चिखलात उभं राहून
त्यांनी एका दमात ळ काढला, काना ओढला,
मग मागे सरकून बघितलं.
"कलला. सहा अंश. सातही असेल."
चिंधीवर टर्पेंटाइन ओतायला निघाल्या.

नाखवा वर डिझेल भरत होता. वाकून बघितलं.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाला,
"आय आमची अशीच चालं,
डोईवर पाटी, डाव्या अंगाला कलून."

बाई काही बोलल्या नाहीत.
चिंधी घेऊन बोटं पुसत बसल्या,
स्वच्छ झाली तरी पुसत बसल्या.

दिवाळीला मला एक चौकट देऊन गेल्या.
पंधरा तिथी, पाऊणकीचे पंधरा आकडे,
चढत, उतरत, सगळे मिळून एक लाट,
आणि लाटेखाली, मावळत्या रेघेवर, माझ्या बापाचं नाव.
दुकानात रंगाच्या डब्यांच्या वर टांगली आहे.

खाडीचा अर्धा तास मात्र त्या धरायला विसरल्या होत्या.
मी सांगितलं.
स्टुलावर चढून त्यांनी काच काढली
आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, अधिक अर्धा.
त्यातला ध थोडा हललाय. स्टूल डुगडुगतं.